राळेचे धागे आणि झाडावरचे व्होल

डग्लस फर या सूचिपर्णी झाडाचं पान म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरची चपटी सुई. ती आडवी कापून भिंगाखाली धरली की दोन्ही कडांजवळ एकेक बारीक भोक दिसतं. या राळनलिका. त्यांत टर्पीन गटातली उग्र वासाची रसायनं भरलेली असतात आणि पानं खायला येणाऱ्यांना दूर ठेवणं हे त्यांचं काम. नुसत्या या पानांवर जगणं जवळपास कुठल्याच सस्तन प्राण्याला जमत नाही. पंचवीस ते पन्नास ग्रॅम वजनाचा, उंदरासारखा दिसणारा एक प्राणी मात्र जन्मभर तेवढंच खातो.

त्याचं नाव लाल वृक्ष-व्होल, शास्त्रीय नाव आर्बोरिमस लाँगिकॉडस. अमेरिकेत ऑरेगन राज्यात कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेला आणि कॅलिफोर्नियाच्या अगदी वायव्य कोपऱ्यात तो राहतो. उत्तरेला कोलंबिया नदी ही त्याची हद्द. नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यात डग्लस फरची जंगलं भरपूर आहेत, पण हा व्होल तिथे नाही. दक्षिणेला क्लॅमथ नदीच्या आसपास त्याची हद्द संपते आणि तिथून सोनोमा परगण्यापर्यंत त्याचा जवळचा नातेवाईक भेटतो, सोनोमा वृक्ष-व्होल, म्हणजेच आर्बोरिमस पोमो. दोघांच्या सवयी जवळपास सारख्या, त्यामुळे पुढे जीवनक्रमाबद्दल जे लिहिलं आहे ते बहुतांशी दोघांनाही लागू पडतं.

आता तो खातो कसा ते पाहू, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी इथूनच उलगडतात. रात्री तो फांदीच्या टोकाकडे जातो, कोवळ्या डहाळीचा शेंडा कुरतडून तोडतो आणि घरट्यात किंवा घरट्याच्या माथ्यावर आणून ठेवतो. मग निवांत बसून एकेक सुई बुडाशी तोडतो, पुढच्या पंजांत धरतो आणि तिची एक कड दातांखालून सरकवत नेतो. राळनलिका असलेली पट्टी अखंड सुटी होते आणि ती तो टाकून देतो. मग दुसऱ्या बाजूची कड. उरतो तो मधला हिरवा गर, तेवढाच पोटात जातो. म्हणजे प्रत्येक सुईमागे दोन केसांसारखे बारीक धागे शिल्लक राहतात. दिवसाकाठी असल्या शेकडो सुया सोलाव्या लागतात, तेव्हा घरट्याभोवती या धाग्यांचा ढीग साचणं साहजिकच आहे.

वेस्टर्न हेमलॉक या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाच्या पानात मात्र राळनलिका एकच असते आणि ती मधोमध, मुख्य शिरेखाली. तिथे हाच व्होल नेमकं उलट करतो. दोन्ही बाजू खातो आणि मधली पट्टी टाकतो. पानाची रचना बदलली की सोलण्याची रीत बदलते, हे मला या प्राण्यातलं सगळ्यांत सुंदर काम वाटतं. ग्रँड फरच्या आणि किनारी पट्ट्यातल्या सिटका स्प्रूसच्या सुयाही तो खातो, पण त्याच्या बहुतेक प्रदेशात डग्लस फर हेच मुख्य अन्न. पाणी पानांतूनच मिळतं, शिवाय पावसाचे आणि दवाचे थेंब तो सुयांवरून चाटून घेतो. पिंजऱ्यात ठेवायची वेळ आली तर इथेच चूक होते. धान्य, फळं किंवा उंदरांचं तयार खाद्य ठेवून चालत नाही. ताज्या डहाळ्या रोज लागतात आणि त्यांच्यावर पाणी शिंपडावं लागतं.

सोललेले धागे वाया जात नाहीत. घरट्याची आतली खोली त्यांनीच अस्तरलेली असते. हे अस्तर मऊ आणि हलकं असतं. बाहेरचं कवच डहाळ्या, शेवाळ, दगडफूल, जुने धागे आणि लेंड्या यांचं मिळून बनतं. घरटं जमिनीपासून दोन मीटरवरही असतं आणि पन्नास मीटरवरही. मात्र त्याला भक्कम बैठक लागते. खोडाजवळची फांद्यांची बेचकी, मोडलेल्या शेंड्याखालचा गुंता, ड्वार्फ मिसलटो या बांडगुळामुळे आलेला झाडूसारखा झुपका किंवा खारीने सोडून दिलेलं घरटं अशा जागा तो निवडतो. चांगली जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते. तळातल्या लेंड्या आणि धागे कुजून त्यांची माती होते, वर नवा थर चढत राहतो आणि काही घरटी खोडाला वेढा घालण्याइतकी मोठी होतात. मादीचं घरटं सहसा मोठं, नराचं लहान आणि कच्चं. एकच व्होल वेगवेगळ्या झाडांवरची अनेक घरटी आलटून पालटून वापरतो, हे रेडिओ पट्टे बांधलेल्या प्राण्यांवरून दिसून आलं आहे. म्हणून घरटी मोजून त्यावरून व्होलांची संख्या काढू नये.

या आहाराची किंमत मात्र मोजावी लागते. सुईच्या गरात पोषण बेताचंच आणि तो पचायलाही जड. व्होलांमध्ये अन्न आंबवणारं मोठं अंधांत्र, म्हणजे आतड्याला जोडलेली पिशवी, असतं, तरी ऊर्जा हात राखूनच मिळते. गवतात राहणाऱ्या मायक्रोटस व्होलची मादी सुमारे २१ दिवसांत विते, एका वेळी चार-सहा किंवा जास्त पिल्लं देते. त्यांचे डोळे नऊ-दहा दिवसांत उघडतात आणि दोन-तीन आठवड्यांत ती आईचं दूध सोडतात. लाल वृक्ष-व्होलची पिल्लं बहुतेकदा दोन किंवा तीन, जास्तीत जास्त चार. आईला सडही चारच. गर्भकाळ २८ दिवसांचा. आधीची पिल्लं अंगावर पीत असतील तर गर्भाची रुजवण लांबते आणि हा काळ ४८ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. पिल्लांचे डोळे उघडायलाच तीन आठवडे लागतात आणि दूध सुटायला महिना ते चाळीस दिवस. विल्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे एकाच घरट्यात लहान-मोठी अशी दोन वेतांची पिल्लंही सापडतात. तरीसुद्धा एकूण वेग कमीच. जमिनीवरच्या व्होलांची संख्या काही वर्षांच्या अंतराने उसळते आणि कोसळते, तशी उसळी घेण्याची ऐपत या प्राण्यात नाही. एखाद्या जंगलातून तो गेला की परत यायला फार काळ लागतो.

आता वर्गीकरण. आधी एक खुलासा करायला हवा. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठी सर्रास वापरला जातो. मराठी विश्वकोशाच्या परंपरेत मात्र जीनस म्हणजे प्रजाती, स्पीशीज म्हणजे जाती आणि फॅमिली म्हणजे कुल. इथे तोच संकेत पाळला आहे, कारण या व्होलांबद्दलचा सगळा वाद प्रजाती कोणती आणि जाती किती यावरच आहे.

व्होल हे कृंतक गणातले, क्रायसेटिडी कुलातले आणि आर्व्हिकोलिनी उपकुलातले. लेमिंग आणि मस्करॅट हे त्यांचे भाऊबंद. या उपकुलात दीडशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जमिनीवर, गवतात, बिळांत किंवा पाण्याकाठी राहतात. झाडावरच जन्म काढणारे अगदी थोडे.

१८८९ साली सी. हार्ट मेरियम यांनी फेनॅकोमिस ही प्रजाती मांडली. ग्रीकमध्ये याचा अर्थ होतो फसवा उंदीर. बाहेरून पाहिलं तर साधा मायक्रोटस वाटावा, पण दाढा वेगळ्याच. मायक्रोटसच्या दाढांना मुळं नसतात, त्या आयुष्यभर वाढत राहतात. फेनॅकोमिसच्या दाढांना वयात आल्यावर मुळं फुटतात आणि वाढ थांबते. पुढच्याच वर्षी, १८९० साली, फ्रेडरिक ट्रू यांनी ऑरेगनच्या मार्शफील्ड इथल्या नमुन्यावरून फेनॅकोमिस लाँगिकॉडस या जातीचं वर्णन केलं. हे गाव आज कूस बे या नावाने ओळखलं जातं. लाँगिकॉडस म्हणजे लांब शेपटीचा, आणि शेपटी खरोखरच लांब, डोकं आणि धड धरून होणाऱ्या लांबीच्या निम्म्याहून जास्त. (मायक्रोटस लाँगिकॉडस नावाचा दुसरा व्होलही याच भागात आहे. जुन्या नोंदी वाचताना प्रजातीचं नाव न बघता नुसतं लाँगिकॉडस वाचलं की हमखास घोटाळा होतो.) १९०१ मध्ये मेरियम यांनी कॅलिफोर्नियातल्या आर्केटाजवळच्या रेडवूडच्या जंगलातून आणखी एक जात वर्णिली, पांढऱ्या पायांचा व्होल, फेनॅकोमिस अल्बिपेस.

१९१५ मध्ये वॉल्टर टेलर यांनी लाल वृक्ष-व्होलसाठी आर्बोरिमस हा उपप्रजातीचा दर्जा सुचवला. इथे उपप्रजाती म्हणजे सबजीनस. १९२१ मध्ये ए. ब्रेझियर हॉवेल यांनी ऑरेगनमधल्या टिलामुक भागातल्या गडद रंगाच्या व्होलांना फेनॅकोमिस सिल्व्हिकोला हे वेगळ्या जातीचं नाव दिलं. पुढे ती जात न मानता लाँगिकॉडसचाच एक प्रकार, म्हणजे उपजात, मानली गेली. तो प्रकारही खरा वेगळा आहे का, यावर पुढे बराच खल झाला.

आर्बोरिमसला पूर्ण प्रजातीचा मान मिळवून देण्यात मरे जॉन्सन यांचा वाटा मोठा. १९७३ च्या लेखात त्यांनी हीदर व्होल, म्हणजे मूळचा फेनॅकोमिस, आणि वृक्ष-व्होल यांच्यातले फरक सविस्तर मांडले. १९८२ मध्ये क्रिस मेसर यांच्यासोबत त्यांनी पांढऱ्या पायांच्या व्होललाही आर्बोरिमसमध्ये आणलं. १९९१ मध्ये जॉन्सन आणि सारा जॉर्ज यांनी कॅलिफोर्नियातल्या वृक्ष-व्होलांना आर्बोरिमस पोमो ही स्वतंत्र जात ठरवलं. हे नाव तिथल्या पोमो या आदिवासी लोकांवरून आहे. रंगरूपावरून हा निर्णय होण्यासारखा नव्हता. गुणसूत्रांनी तो सोपा केला. ऑरेगनच्या व्होलांत ४८ ते ५२ गुणसूत्रं आढळतात, पोमोमध्ये ४० किंवा ४२. इतका फरक हातात असताना दोघांना एकाच जातीत कोंबणं मला पटत नाही.

काही अभ्यासक आजही आर्बोरिमसला फेनॅकोमिसचाच भाग मानतात. दोन्ही गट एकमेकांचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे, त्यामुळे हा वाद रेघ कुठे ओढायची एवढाच उरतो. माझं मत वेगळी प्रजाती ठेवण्याच्या बाजूचं आहे. पण त्याचं कारण ‘हे झाडावर राहतात’ असं देऊ नये, कारण पांढऱ्या पायांचा व्होल त्यात बसत नाही. तो ओढ्याकाठच्या झुडपांत आणि रेड आल्डर या रुंद पानांच्या झाडाच्या आसऱ्याने आढळतो, सुया न खाता रुंद पानं खातो, आणि पोटातल्या अन्नाच्या तपासणीत रेड आल्डरची पानं ठळकपणे दिसली आहेत. रंग तपकिरी, पाय पांढरे, शेपटी बारीक केसांची आणि वरून गडद, खालून फिकट अशी स्पष्ट दुरंगी. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत कमी सापडणाऱ्या व्होलांपैकी हा एक. पानांसाठी तो झुडपांवर चढत असावा, पण झाडावरचं घरटं ही त्याची ओळख नाही. म्हणजे वृक्ष-व्होलांच्या घरातला एक सदस्य जमिनीलगतच राहतो आणि दातांच्या, कवटीच्या नात्याने मात्र घरचाच आहे.

दातांची ही ओळख हाताशी असणं फार गरजेचं आहे, कारण वृक्ष-व्होलांची बरीचशी माहिती घुबडांकडून मिळते. उत्तरी ठिपकेवालं घुबड न पचलेली हाडं आणि केस यांचा गोळा तोंडावाटे टाकतं. एरिक फोर्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे गोळे वर्षानुवर्षं तपासून या घुबडाचा आहार नोंदवला आणि त्यातून व्होल कुठे आहेत, कुठे नाहीत याचा नकाशाही हाती आला. साध्या सापळ्यांत हा प्राणी क्वचितच सापडतो, तेव्हा या गोळ्यांना पर्याय कमीच.

गोळ्यातला खालचा जबडा हाती आला की आधी दाढ अलगद उपटून तिला मुळं आहेत का ते बघावं. नसतील आणि प्राणी प्रौढ असेल तर तो मायक्रोटस. असतील तर घाई करू नये, कारण त्याच जंगलात जमिनीवर राहणाऱ्या कॅलिफोर्निया लालपाठी व्होललाही वयात आल्यावर मुळं असतात. दुसरी खूण दाढेच्या माथ्यावर असते. तिथे इनॅमलच्या त्रिकोणी घड्या आणि त्यांच्यामधल्या खाचा दिसतात. आर्बोरिमसमध्ये खालच्या दाढांच्या जिभेकडच्या खाचा गालाकडच्या खाचांपेक्षा बऱ्याच खोल असतात, मधली रेषा ओलांडून पलीकडे गेलेल्या. लालपाठी व्होलमध्ये दोन्ही बाजू साधारण सारख्या. कवटी असेल तर टाळूची मागची कडही पाहावी, लालपाठीमध्ये ती आडव्या फळीसारखी सरळ संपते. सगळ्यांत जास्त चुका कोवळ्या पिल्लांच्या जबड्यात होतात. त्यांच्या दाढांना अजून मुळं फुटलेली नसतात आणि नुसत्या मुळांवर विसंबलं की वृक्ष-व्होलचं पिल्लू मायक्रोटसच्या खात्यात जमा होतं. म्हणून मुळं आणि खाचा या दोन्ही खुणा प्रत्येक वेळी तपासाव्यात.

या नोंदींना एवढं महत्त्व येण्याचं कारण जंगलतोड. जाड फांद्या, मोडके शेंडे आणि एकमेकांत गुंतलेले माथे ही जुन्या जंगलाची देणगी. तरुण झाडांवरही व्होल राहतात, पण तिथे घरट्याच्या बैठका कमी आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटा तुटक. जमिनीवर उतरून तो जाऊ शकतो, जंगलातले अरुंद रस्ते ओलांडल्याच्याही नोंदी आहेत. मोठा मोकळा पट्टा मात्र त्याच्यासाठी भिंतच. ऑरेगनच्या उत्तर किनाऱ्यावर टिलामुक बर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९३३, १९३९, १९४५ आणि १९५१ च्या वणव्यांत साडेतीन लाख एकरांच्या आसपास जंगल जळालं. हॉवेल यांच्या सिल्व्हिकोलाचा मुलूख नेमका हाच. १९९४ च्या नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन या सरकारी वनयोजनेत लाल वृक्ष-व्होल अशा जातींच्या यादीत आला, ज्यांचा शोध घेतल्याशिवाय केंद्र सरकारच्या जमिनीवर तोड करायची नाही. २००७ मध्ये सिल्व्हिकोलाला संरक्षण मिळावं म्हणून अर्ज झाला. २०११ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने उत्तर किनाऱ्यावरच्या समूहाला संरक्षण देणं योग्य आहे, पण इतर कामांच्या अग्रक्रमामुळे ते तूर्त शक्य नाही, असा निर्णय दिला. २०१९ मध्ये तो समूह संरक्षणाची वाट पाहणाऱ्यांच्या, म्हणजे उमेदवार यादीतूनही काढला. नाव उपजातीचं असो वा नसो, तिथला समूह विरळ आणि तुटलेला आहे, आणि एवढ्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याला यादीतून वगळणं मला घाईचं वाटतं.

प्रत्यक्ष जंगलात शोधाचं काम दोन टप्प्यांत चालतं. आधी ठरलेल्या रेषांवरून चालत, दुर्बिणीने झाडांचे माथे न्याहाळत संशयास्पद गोळे टिपायचे, मग दोर लावून चढायचं आणि घरटं जवळून बघायचं. पहिल्या टप्प्यातली अडचण उघड आहे. साठ-सत्तर मीटरच्या झाडावरचं, खालून फांद्यांनी झाकलेलं घरटं दिसतच नाही. म्हणजे ज्या जुन्या जंगलात व्होल जास्त, तिथेच ते सर्वांत जास्त नजरेतून सुटतात. जुन्या आणि नव्या जंगलांची तुलना जमिनीवरून दिसलेल्या घरट्यांवर केली तर निष्कर्ष नव्या जंगलाच्या बाजूला झुकतो. झाडाच्या बुंध्याशी पडलेल्या पाचोळ्यात धाग्यांचे पुंजके शोधणं यावर थोडाफार उपाय आहे.

वर पोचल्यावर दिसणारा गोळा कोणाचा हे आकारावरून ठरवू नये. उडत्या खारीचं घरटं शेवाळ, दगडफूल आणि सालीच्या तंतूंचं असतं, वुडरॅटचं मोठं आणि जाड काटक्यांचं. शिवाय उडत्या खारी व्होलच्या जुन्या घरट्यात बिऱ्हाड थाटतात, त्यामुळे एकाच गोळ्यात दोघांचं सामान मिळतं. पुरावा एकच, राळेचे धागे. सुईइतका लांब, केसाइतका बारीक, किंचित वळलेला, एका बाजूला सालीची हिरवट झाक असलेला धागा दुसरा कोणी बनवत नाही. डग्लस खारीसुद्धा डहाळ्यांचे शेंडे तोडते, पण सुया सोलत बसत नाही.

धाग्यांचा रंग काळाबरोबर बदलतो. ताजे हिरवे, मग गवतासारखे पिवळसर, शेवटी तपकिरी. हिरवे धागे आणि हिरव्या तोडलेल्या डहाळ्या दोन्ही असतील तर व्होल तिथे अलीकडेच होता. नुसते तपकिरी असतील तर कधीतरी होता एवढंच म्हणता येतं. वरवरच्या थरात तपकिरी आणि आतल्या खोलीत हिरवे असंही होतं, म्हणून बोटाने अस्तर हलकेच बाजूला करून आत पाहावं. मात्र खोली उसकटू नये. डिवचलेला व्होल फांदीवरून धूम ठोकतो, कधी हातपाय पसरून सरळ खाली उडी घेतो, आणि आत डोळे न उघडलेली पिल्लं असू शकतात. नोंदवहीत झाडाची जात, खोडाचा घेर, घरट्याची उंची, बैठक कशाची आहे आणि धाग्यांचा रंग एवढं तरी लिहावं. हेमलॉकवर घरटं असेल तर तिथे सुयांच्या मधल्या पट्ट्या सापडतील, कडा नाही. हे आधी ठाऊक नसलं की ‘धागे नाहीत’ असा शेरा मारून माणूस खाली उतरतो.